नास्तिक झालीस का?

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, "नास्तिक झालीस का?" या तुमच्या प्रश्नाला फोनवर हो-नाही म्हणता आलं नाही, म्हणून लिहिते.

"देव आहे" हे एक म्हणणं. "नवस बोलले म्हणून दुखणं उतरलं" हे दुसरं. पहिलं तपासायचं साधन माझ्यापाशी नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्तही शेवटी म्हणतं, ही सृष्टी कुठून आली हे वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. दुसरं मात्र तपासता येतं, आणि माझी शंका तिथली आहे.

नवस माणूस कधी बोलतो? दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. चढउतार असलेली दुखणी टोकावरून बहुतेकदा खालीच येतात, मग श्रेय नवसाला. शिवाय फसलेले नवस कुणी सांगत नाही. रोमन लेखक सिसेरोने देव न मानणाऱ्या ग्रीक डायागोरसची गोष्ट दिली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवाला वाहिलेली चित्रं त्याला दाखवली, तर तो म्हणाला, बुडालेल्यांची कुठे आहेत?

खरंच पाहायचं असेल तर वही घाला. तारीख, नेमकं मागणं, मुदत आणि काय झालं तर "फळलं" म्हणायचं, हे सगळं आधीच, शाईने. मुदत संपली की निकाल, फसलेलाही. घोळ होतो तो इथे: मुदत टळली की आपण म्हणतो, "त्याच्या मनात वेगळं होतं." असं म्हटलं की नवस कधी खोटा ठरूच शकत नाही, आणि मग खरा ठरण्यालाही काही किंमत उरत नाही.

मोठ्या प्रमाणावर हे अमेरिकेत झालं. २००६ साली निकाल आला. बायपासचे १,८०२ रुग्ण, त्यांच्यातल्या काहींसाठी अनोळखी लोकांची १४ दिवस प्रार्थना. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्या ५१ टक्क्यांना. ज्यांना होते आहे हे पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९! प्रार्थना बाधली असं मी म्हणणार नाही. "माझी तब्येत इतकी वाईट आहे का" ही धास्ती असेल, किंवा निव्वळ योगायोग.

पण आई, यात तुझा जप मोजलेला नाही. तो वेगळ्या ठिकाणी मोजलाय. इटलीत २००१ साली २३ निरोगी माणसांकडून 'आवे मारिया' ही ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. एरवी मिनिटाला १२ ते २० असणारा श्वास दोन्हींत सहाच्या आसपास आला. कारण साधं आहे: एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं, आणि ते एका श्वासात बसतं. शब्द कुठल्या धर्माचे, याने फरक पडला नाही. त्यातून देव सिद्ध होत नाही, पण तुला जपाने शांत वाटतं ते मनाचे खेळ नव्हेत, एवढं मी मानते. संख्या पुरी करायला भराभर म्हटलंस तर मात्र श्वास लांबणार नाही. निम्मा कर, पण सावकाश.

आणि बाबा, जप सुरू झाला म्हणून रक्तदाबाची गोळी सोडायची नाही. वही घातलीत तर मुदतीचा रकाना मोकळा ठेवू नका. मी आले की आधी तोच बघणार.

तुमची लेक