मनूस पत्र: विमा कंपनीचा मालक कोण?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली दोन्ही कोटेशनं छापून घेतली आणि सावकाश वाचली. दोन्हीकडे आजीवन विमा, विमा रक्कम तेवढीच, मग तुमच्या अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या म्युच्युअल, म्हणजे विमेदारांच्याच मालकीच्या, कंपनीचा हप्ता जास्त का, आणि जास्त असताना तिथे का जायचं, असं तू विचारलंस. फोनवर 'तिथेच घे' म्हटलं असतं तर तू ऐकलंही असतंस. पण हा करार पुढची पन्नास-साठ वर्षं चालायचा आहे, म्हणून कारणं लिहून देतो.

आधी मुदत विमा, म्हणजे ठरलेल्या वर्षांत माणूस गेला तरच पैसे देणारा. घराचं कर्ज फिटेपर्यंत आणि छोटीचं शिक्षण होईपर्यंत तुम्हा दोघांवर मोठ्या रकमेचा, स्वस्त मुदत विमा हवाच. आजीवन विम्याच्या हप्त्यापायी तो कमी करू नका. तिथे हप्ता ठरलेला, रक्कम ठरलेली. कंपनीची पत चांगली असली की पुरे. फक्त एक विचारून घे: हा मुदत विमा पुढे वैद्यकीय तपासणीशिवाय आजीवन विम्यात बदलता येतो का, आणि कोणत्या वर्षापर्यंत? कारण बदलायचा झाला तर तो त्याच कंपनीत बदलावा लागतो, आणि मग कंपनी कोणाची हा प्रश्न तिथेही येतो.

आता हप्त्यातला फरक. आयुर्विम्याचा हप्ता तीन अंदाजांवर बेततात: किती माणसं कोणत्या वयात दगावतील, गुंतवणुकीवर व्याज किती मिळेल, आणि कारभाराला खर्च किती येईल. म्युच्युअल कंपनी हे तिन्ही अंदाज मुद्दाम हात राखून करते. वर्षअखेरीला प्रत्यक्ष मृत्यू कमी झाले, व्याज जास्त मिळालं, खर्च आटोक्यात राहिला की शिल्लक उरते. त्या कंपनीला भागधारक नाहीतच. विमेदार हेच मालक. तेव्हा गंगाजळीत टाकायचं ते टाकून उरलेलं त्यांच्याच पॉलिसीवर लाभांश म्हणून येतं. आपल्या दूध संघाचं दिवाळीतलं फरक बिल आठव. वर्षभर ठरलेल्या दराने दूध घालायचं आणि हिशोब झाल्यावर उरलेल्यातला वाटा सभासदाला परत, इथेही तसंच. तुझं दुसरं कोटेशन आहे भागधारकांच्या कंपनीचं, आणि पॉलिसी बिनलाभाची. म्हणून हप्ता कमी. पण तिथे शिल्लक किती उरली याच्याशी तुझा कधीच संबंध येणार नाही.

भागधारकांच्या कंपन्याही लाभासहित पॉलिसी विकतात, त्या वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण तिथे संचालकांसमोर दोन पानं मांडलेली असतात, भागधारकांचं आणि विमेदारांचं, आणि भागधारक दर तिमाहीला दारात उभा असतो. विमेदार काही तिमाहीचा गिऱ्हाईक नाही. तुझ्या पॉलिसीचा पैसा छोटीच्या, कदाचित तिच्या मुलांच्या हातात पडायचा. इतक्या लांबच्या करारात घाई नसलेला मालक असणं हा मला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो. तुमच्याकडच्या म्युच्युअल कंपन्यांत न्यूयॉर्क लाइफने १८५४ पासून दरवर्षी लाभांश जाहीर केलाय, नॉर्थवेस्टर्न म्युच्युअलने १८७२ पासून. त्यात दोन महायुद्धं आली, १९२९ नंतरची मंदी आली, २००८ आलं.

तुझ्या गावातली नॉर्थवेस्टर्न १८५७ साली जेन्सव्हिलमध्ये निघाली आणि १८५९ मध्ये मिलवॉकीला आली. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये रुळावर जनावर आडवं येऊन गाडी घसरली आणि मेलेल्यांत कंपनीचे दोन विमेदार होते. कंपनीवर आलेले ते पहिलेच दावे, मिळून ३,५०० डॉलरचे. तिजोरीत होते २,०००. अध्यक्ष सॅम्युअल डॅगेट आणि विश्वस्तांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढून दोन्ही दावे भागवले. उभा जन्म मी दाव्यांच्या टेबलावर काढला, त्यामुळे ही हकीकत वाचताना ऊर भरून येतो. दावा म्हणजे कोणाच्या तरी घरातली चूल, हे ज्यांना पहिल्या दाव्यालाच कळलं ती माणसं मला आपली वाटतात.

आपल्याकडेही म्युच्युअल कंपनी होती, हे तुला माहीत असावं. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल लाइफ अॅश्युरन्स सोसायटी निघाली. तोवर परदेशी कंपन्या हिंदी माणसाला एक तर विमा द्यायच्या नाहीत, नाही तर जादा हप्ता लावायच्या. बॉम्बे म्युच्युअलने आपल्या माणसांना सर्वसाधारण दराने विमा दिला. १९५६ साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि २४५ कंपन्या व सोसायट्या एलआयसीत विलीन झाल्या, त्यांत तीही होती. एलआयसी म्युच्युअल नव्हे, पण मी तिथे नोकरीला असताना शिलकीतले पंच्याण्णव टक्के विमेदारांना आणि पाच टक्के सरकारला जायचे. दरवर्षीचा बोनस जाहीर झाला की काउंटरवर येणाऱ्या शिक्षकांना, एसटीतल्या माणसांना आम्ही हजारी किती मिळाला ते अभिमानाने सांगायचो. २०२२ मध्ये एलआयसीचे शेअर बाजारात आले आणि ते प्रमाण लाभासहित पॉलिसींवरही नव्वद-दहाकडे नेलं गेलं. मला ते रुचलेलं नाही.

आता दुसरी बाजूही नीट ऐक. म्युच्युअलमध्ये नफा जसा तुमचा तसा तोटाही तुमचाच. झळ सोसायला भागधारक नाहीत. लंडनची इक्विटेबल लाइफ १७६२ ची, वयानुसार हप्ता आकारण्याची पद्धत तिथेच रुळली. तिने निवृत्तिवेतनाच्या पॉलिसींवर हमीचे दर देऊन ठेवले आणि त्यासाठी पुरेशी गंगाजळी राखली नाही. २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये खटला हरली, डिसेंबरमध्ये नवा धंदा बंद करावा लागला, आणि पुढच्या वर्षी विमेदारांच्या पॉलिसींचं मूल्य कापलं गेलं. म्हणून लाभांशाचा आकडा मोठा दिसला की भुलू नकोस. त्यामागे गंगाजळी किती आहे ते बघ. शिवाय म्युच्युअल कायम म्युच्युअल राहीलच असं नाही. तुमच्याकडच्या मेटलाइफ आणि जॉन हॅनकॉक २००० मध्ये, प्रुडेन्शियल २००१ मध्ये भागधारकांच्या झाल्या. विमेदारांना शेअर किंवा रोख मिळाली, पण पिढ्यांनी साठवलेली मालकी गेली. कंपनीच्या मतदानाचा कागद आला की तो बाजूला टाकू नकोस, मत दे.

तुझ्या कोटेशनमध्ये दोन रकाने आहेत, हमीचा आणि बिनहमीचा. हमीच्या रकान्यावर तुमचं पोट भरतं का ते आधी तपास. बिनहमीचा रकाना म्हणजे आजचाच लाभांश कायम राहिला तर काय होईल एवढंच. एजंटला सध्याच्या दरापेक्षा कमी दर धरून तोच तक्ता पुन्हा काढायला सांग. पॉलिसीवर कर्ज काढलं तर लाभांश कमी होतो का, हेही विचार. काही कंपन्यांत होतो, काहींत नाही. लाभांश रोख घेता येतो, हप्त्यातून वजा करता येतो, कंपनीकडे व्याजाने ठेवता येतो, किंवा त्यातून वाढीव विमा घेता येतो. मी असतो तर वाढीव विमा घेतला असता, कारण त्यावरही पुढे लाभांश मिळतो. तुमच्याकडे हा लाभांश भरलेल्या हप्त्यांचा परतावा धरला जातो, म्हणून एकूण हप्त्यांपेक्षा जास्त होईपर्यंत त्यावर आयकर नाही. व्याजाने ठेवलास तर त्या व्याजावर मात्र आहे.

पहिल्या काही वर्षांत पॉलिसी सरेंडर केलीस, म्हणजे मधेच मोडलीस, तर हातात फार थोडं येईल. नोकरी बदलायचा विचार चालू असेल तर थांब, किंवा निम्म्या रकमेची पॉलिसी घे. चालू ठेवता येईल तेवढीच घ्यायची. नवा तक्ता मिळाला की मेलवर पाठव, आणि जावईबापूंनाही रविवारी फोनवर बसव. नॉमिनी म्हणून छोटीचं नाव थेट घालायचं की तिच्यासाठी ट्रस्ट करायचा, ते अजून बोलायचं राहिलंय.

तुझे,
बाबा