बाहुलीचे पोलके आणि शिवणीचा क्रम

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतला उपक्रम म्हणून बाहुलीचे परकर-पोलके शिवण्याची कृती छापून आली, याचा मला आनंद झाला. परंतु त्या कृतीत माणसाच्या पोलक्याचाच क्रम जसाच्या तसा दिला आहे. आधी बगला जोडा, मग बाही गोल करून मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या भोकात, बसवा आणि शेवटी दुमडी घाला, असे सांगितल्यावर दहा-बारा वर्षांची मुलगी पहिल्याच पोलक्याला मशिन सोडून उठते. माझी नात तशीच उठली, म्हणून हे पत्र.

बार्बीच्या मापाची बाहुली साडेअकरा इंच उंच, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश असते. कापड आणि दोरा मात्र सहापट पातळ होत नाहीत. आपण स्वतःच्या कपड्याला शिवणीसाठी दीड सेंटिमीटर सोडतो, ते बाहुलीच्या हिशेबाने नऊ सेंटिमीटर झाले. एवढे कापड बगलेत कोंबल्यावर तिचा हात खाली येणार कसा? म्हणून पाव इंचच सोडावे आणि टीप पक्की झाली की त्यातलेही निम्मे कातरून टाकावे. टीप दीड मिलिमीटरची बारीक आणि सुई अकरा नंबरची असावी. कापडाचे टोक मशिनच्या भोकात ओढले जाते, ही मुलींची नेहमीची तक्रार. त्यासाठी टीप एखाद्या चिंधीवर सुरू करून तशीच बाहुलीच्या कापडावर न्यावी.

मूळ मुद्दा क्रमाचा आहे. कापड जितका वेळ टेबलावर सपाट राहील, तितके काम सोपे होते. पुढचा भाग आणि पाठीचे दोन भाग खांद्यांवर जोडून गळा पुरा करावा. बाहीच्या तोंडाची दुमड बाही सुटी असतानाच घालावी. मग ती न मिटता, उलगडलेलीच मुंढ्याला लावावी. आणि अगदी शेवटी बाहीच्या तोंडापासून निघून बगलेत वळून कमरेपर्यंत एकच टीप मारावी. पाच-सहा सेंटिमीटर घेराची बाही मशिनवर चढवण्याचा प्रश्नच मग उरत नाही. परकराचेही तसेच: खालची दुमड, चुण्या, कमरपट्टी हे सगळे सपाट कापडावर, आणि मागची शिवण शेवटी. इलॅस्टिक लावायचे असले तरी ते ताणून आधीच शिवून घ्यावे.

गळ्याला तिरकी पट्टी, म्हणजे कापड तिरके कापून काढलेली पट्टी, लावा, असे आपल्या कृतीत म्हटले आहे. शिवणकाम शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, तरी रुपयाएवढ्या गळ्याला तिरकी पट्टी लावताना माझाही हात अडतो. त्याऐवजी पोलक्याला मलमलीचे किंवा रुबियाचे (ब्लाऊजच्या पातळ सुती कापडाचे) अख्खे अस्तर द्यावे, आणि गळा आधी कापूच नये. अस्तराच्या अखंड तुकड्यावर पेन्सिलीने गळ्याची रेषा काढावी, तो तुकडा वरच्या कापडावर सुलट बाजू आत ठेवून टाचावा, रेषेवरून टीप मारावी आणि मगच आतले कापड कातरून बारीक खाचा द्याव्यात. आधी कापलेला गळा हाताळता हाताळता ताणतो व त्याचे धागे सुटतात. इथे तो शिवला जाईपर्यंत कात्री लागतच नाही.

पाठ वरपासून खालपर्यंत उघडी ठेवावी. काजे करण्याच्या फंदात न पडता दोन टिचबटणे लावावीत. वेल्क्रो सोपे खरे, पण बाहुलीचे केस त्यात अडकतात. बाही चढवताना तिची बोटे अस्तरात रुततात, तेव्हा पंजाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला की हात सरळ बाहेर येतो.

कापडासाठी लक्ष्मी रस्त्यावर खास जाण्याची गरज नाही. कोणत्याही शिंपीदादांकडे ब्लाऊजपिसांची कातरण मिळते. खण घ्यावासा वाटणे साहजिक आहे, पण त्याचे धागे फार सुटतात, शिवाय मोठी बुट्टी आली तर ती एकटीच बाहुलीची सगळी छाती व्यापते. बारीक बुट्टीचा भाग निवडावा आणि परकराचा घेर काठाकडून धरावा, म्हणजे खालची दुमड घालावी लागत नाही. गडद लाल किंवा हिरवे कापड मात्र शिवण्याआधी पाणी रंगीत निघेनासे होईपर्यंत धुवावे. तो रंग बाहुलीच्या अंगात उतरला तर सहसा निघत नाही.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी कागदी बेतणी छापताना तिच्या शेजारी एक इंचाचा चौकोनही छापावा. ई-पेपरवरून छापून घेताना माप लहानमोठे होते. चौकोनाला पट्टी लावून पाहिली तर कापड कापण्याआधीच ते कळेल.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे