आई-बाबा, पडवीतली चूल रविवारी काढतोय

प्रिय आई, बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई "बरं बरं, तू जेवलीस का" करून विषयच बदलते आणि समोर आले की आपलं वाजतं, गणपतीत वाजलं तसं, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही वाचून दाखवा, आईचा चष्मा अजून तसाच तुटलेला पडलाय मला माहितेय. आणि मधलं काही गाळू नका.

तर आधीच सांगून टाकते. मागच्या पडवीतली चूल येत्या रविवारी काढायची. गवंडी ठरलाय, अॅडव्हान्स दिलाय, दादाला पण सांगून झालंय. आई, थांब, उठू नकोस, पूर्ण ऐक. चूल बंद होत नाहीये. तिच्याच जागी, त्याच भिंतीला, धुराड्याची चूल बसतेय. लाकडंच जळणार, तुझी तांदळाची भाकरी निखाऱ्यावरच फुगणार, बोंबील पण निखाऱ्यातच भाजायचे. तुला गॅसवरच सगळं कर असं मी म्हणणार नाही, तो हट्ट मी दोन वर्षं केला आणि त्यात फक्त तुझं मन दुखावलं. जमीन गेली, खाडीचं गेलं, आता ही बया माझ्या चुलीवर पण येते, असं तू मावशीला म्हणालीस ते माझ्या कानावर आलं. राग नाही आला गं. रात्रभर झोप मात्र लागली नाही.

ती चूल आजीने घातलेली आहे हे मी विसरलेले नाही. म्हणून गवंड्याला सांगितलंय की जुन्या चुलीची माती फेकायची नाही, कुटून चाळून नव्या मातीत मिसळायची. तो स्वतःच म्हणाला की भाजलेली माती मिसळली की नवी चूल कमी तडकते. म्हणजे आजीची चूल नवीन चुलीच्या पोटात राहणार. वरचं शेवटचं लिंपण तू तुझ्या हाताने कर, त्याला तिथे हात लावू देऊ नकोस.

आता का ते सांगते. त्या दिवशी डॉक्टरांनी तुला नळीत फुंकायला लावलं, कागद बघितला आणि विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?" तू पदर तोंडाला लावून हसलीस. मला रडू आलं, मी औषध आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. आजीचा खोकला आठवतो का, पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि आपण सगळे म्हणायचो म्हातारपण आहे. म्हातारपण नव्हतं ते. साठ वर्षांचा धूर होता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात ३२ लाख माणसं गेली, आणि त्यात आपल्यासारख्या चुलीपुढे बसणाऱ्या बायका आणि त्यांच्या मांडीवरची पोरं फार. डोळ्यांत जातो, झोंबतो तो धूर आपल्याला कळतो तरी, पण त्यातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे असतात, ते थेट फुफ्फुसात खोल जाऊन बसतात. ओवा-गुळाच्या काढ्याने ते निघत नाहीत गं आई.

बाबा, तुम्ही विचाराल खर्च कशाला. लाकूड किती जातं बघा आधी. आपल्या उघड्या चुलीत शंभर भाग उष्णतेतली दहा-पंधरा भागच भांड्याला लागते, बाकीची पडवीला आणि आईच्या तोंडाला. नवीन चुलीत आग चारी बाजूंनी बंद राहते, खाली बिडाची जाळी असते, जाळीखालून हवा येते, राख आपोआप खाली पडते, आणि पहिल्या भांड्याखालची गरम हवा थेट बाहेर न जाता दुसऱ्या भांड्याखालून फिरून मग धुराड्यात जाते. म्हणजे पुढे भाकरी नाहीतर कालवण, आणि मागच्या तोंडावर आंघोळीचं पाणी त्याच जाळात. ही कल्पना काही नवीन नाही, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या लोकांनी ऐंशीच्या दशकात अशा चुली करून खेडोपाडी बसवल्या होत्या, आणि १९८३ पासून सरकारची पण देशभर सुधारित चुलींची योजना होती. खूप ठिकाणी त्या चुली पुढे पडून राहिल्या, कारण बसवून दिल्या आणि धुराडं साफ कसं करायचं, लाकूड किती घालायचं हे बाईला कोणी नीट सांगितलंच नाही. म्हणून मी एवढं लांबलचक लिहितेय. तांब्याचा बंब कुठेही जात नाही, तो दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आहेच.

आणि बाबा, बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचं तुमच्या डोक्यात आहे ना, ते काढून टाका. आपल्या बाथरूमला खिडकी आहे का? एक वितीची जाळी आहे, ती पण तुम्ही पुठ्ठा लावून बंद केलीय, म्हणजे गॅस जळून निघणारा विषारी वायू आतच कोंडणार. पाणी मागच्या तोंडावर तापेल, बादली दादा उचलून देईल, तुम्ही उचलायची नाही, कंबर सांभाळा.

लाकडाचं आता. सगळा खेळ लाकडाचा आहे. पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या तोडतात त्या तुम्ही दोघं ओढून आणता आणि पंधरा दिवसांत चुलीत घालता, तिथेच चुकतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आधी ते पाणी उकळणार, मग लाकूड जळणार, तोवर नुसता धूर. वीस टक्क्यांच्या आत पाणी आलं की ते खरं जळाऊ लाकूड. कसं ओळखायचं? टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटते, हातात हलकं लागतं, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणटण वाजतं, ओलं असेल तर धप्प आवाज येतो. बाबांना कान आहे, त्यांनी वाजवून बघावं. फांद्या आणल्या की लगेच फोडायच्या, अख्ख्या ठेवल्या तर आत पाणी अडकून राहतं. मनगटापेक्षा जाड तुकडा चुलीत नको. जमिनीवर रचू नका, दोन विटांवर फळ्या टाकून त्यावर आडवी-उभी रचा, वरून पत्रा, बाजू उघड्या. तुम्ही चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळता, त्याने आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस, म्हणजे दिवाळीनंतर फोडलेलं लाकूड मे अखेरपर्यंत वाळवून पावसाळ्यासाठी आत घ्यायचं. यंदाचं ओलं आहे ते बाजूला रचा, या हिवाळ्यापुरतं सुकं मी विकत घेऊन टेम्पोने पाठवतेय, पैशाचं विचारू नका.

आता बाबांचं. बंदरावरच्या यार्डातून ते पॅलेट, माल ठेवायच्या लाकडी चौकटी, आणता ना तुमच्या मित्राकडून, त्यांच्यावर शिक्का असतो. इंग्रजीत एचटी लिहिलं असेल तर ते उष्णता देऊन किडे मारलेलं लाकूड, रंग-तेल सांडलेलं नसेल तर चालेल. एमबी लिहिलं असेल तर त्याला मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणायचंच नाही, आणि शिक्काच नसेल तर तेही नाही. प्लायवूड नाही, रंगवलेली दारं-खिडक्या नाहीत, सनमायका नाही. खाडीच्या काठाला वाहून आलेली लाकडं पण नकोत, मीठ मुरलेलं असतं त्यांच्यात, जळताना विषारी धूर होतो आणि धुराड्याचा पाइप पण खातं. आणि खारफुटीची काटकी सुद्धा नको, तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती राहिली तरच आपली कोळंबी राहील हे तर बाबा तुम्हीच आम्हाला लहानपणी शिकवलंत. वाशी मार्केटातल्या आंब्याच्या पेट्यांच्या पट्ट्या मात्र पेटवणाला छान, खिळे काढून. करवंट्या पण.

आई, पेटवायला दुधाची पिशवी घालायची नाही. अजिबात नाही. मला माहितेय झटकन पेटतं. करवंटी आणि बारीक काड्या, त्यावर पेटीच्या पट्ट्या, एवढंच, आणि रॉकेलची बाटली तर मी आल्यावर उचलूनच नेणार आहे. थंडीत पाइप गार असतो, गार पाइप धूर ओढत नाही, उलट तोंडावर सोडतो, तेव्हा आधी कागदाचा एक बोळा पाइपाच्या बुडाशी जाळायचा, पाइप गरम झाला की ओढ लागते, मग काड्या पेटव. पोट भरेल एवढं लाकूड कोंबू नकोस, दोन-तीन तुकडे, मध्ये हवेला जागा, टोकं जळली की पुढे सरकवायचे. जाळ पिवळाधमक हवा. भांड्यावर झाकण ठेव, भांड्याचं बूड चुलीच्या तोंडावर घट्ट बसेल असंच घे, दुसरं तोंड मोकळं असेल तर त्यावर तवा तरी ठेव नाहीतर धूर तिथूनच वर येईल. दहा मिनिटांनी बाबांनी बाहेर जाऊन धुराड्याकडे बघायचं. वर जवळजवळ काही दिसत नसेल तर उत्तम. पांढरा-करडा लोट निघत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. आणि रात्री निखारे राहावेत म्हणून ओंडका घालून चूल दाबून ठेवायची सवय आता सोड. तसं घुसमटत जळलं की पाइपाच्या आत डांबरासारखा थर धरतो, तो एक दिवस पेटतो. महिन्यातून एकदा दादा ब्रशने पाइप झाडेल, चूल पूर्ण गार असताना. मी तारीख लावून ठेवलीय, त्याला फोन मीच करणार.

पत्र्याचं राहिलं. पडवीवर जुना सिमेंटचा पत्रा आहे, त्यात अॅस्बेस्टॉस असतो, तो कापला किंवा भोक पाडलं की जी धूळ उडते ती कॅन्सरची. म्हणून तो एक पत्रा पाणी मारून अख्खाच्या अख्खा काढायचा आणि तिथे लोखंडी पत्रा टाकून त्यातून पाइप न्यायचा. बाबा, घाई करून स्वतः ड्रिल घेऊन चढू नका, हात जोडते. पाइप पत्र्याच्या वर तीन फूट जाईल, टोपी असेल, पाऊस आत येणार नाही. पाइपाच्या आजूबाजूला दीड फुटात लाकडी काही नको, म्हणजे तो सुकटीचा डबा ठेवायचा माळा हलवावा लागेल. सुकटीला नवीन जागा मी बघून ठेवलीय, उंदीर पोचणार नाही अशी.

थंडीत वारा लागतो म्हणून तुम्ही पडवीला ताडपत्री सोडता. आई, तुझं डोकं दुखतं, मळमळतं, आणि तू म्हणतेस पित्त झालं. मला नाही वाटत ते दर वेळी पित्तच असेल. जळत्या लाकडातून, आणि निखाऱ्यातून तर जास्तच, कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही रंग नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. चूल पेटलेली असताना ताडपत्री अर्धी वर. वारा लागला तर स्वेटर घाल, मी आणलेला निळा, जो कपाटात घडी घालून ठेवलायस. मी एक अलार्म पाठवतेय, स्मोकचा नाही कार्बन मोनॉक्साईडचा, तो वाजला की आधी दोघांनी अंगणात यायचं, भाकरी करपली तर करपू दे.

आणि छोटी फेब्रुवारीत बाळंतपणाला येतेय. तिला शेक दे, धुरी दे, तुझा जीव त्यात आहे मला कळतं, मला दिलीस तेव्हा तू पहाटे उठून शेगडी फुलवायचीस आणि ओव्याच्या वासाने मला इतकं सुरक्षित वाटायचं की अजून ओवा भाजला की तू आठवतेस. पण शेगडी बंद खोलीत नको. बाळ खोलीत असताना तर नकोच. शेक गरम पाण्याच्या पिशवीने दे, मालिश तूच कर, तुझ्या हाताची सर कुणाला नाही.

राख प्लास्टिकच्या बादलीत नको, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. वरून गार दिसते पण आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो. पूर्ण गार झाली की मग मासे साफ करायला घे. चुलीपुढे नायलॉनची साडी नेसायची नाही, सुती नेस आणि पदर खोच. गॅसचा सिलिंडर पडवीतून आत. एक बादली वाळू, एक बादली पाणी कायम. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धर, हळद नको, टूथपेस्ट नको. १०१ आणि १०८ मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून चिकटवतेय.

खूप ऑर्डरी सोडल्या ना. ठाणे-नेरूळ लोकल, मग एक गाडी बदलली की सीवूड्स, तिथून रिक्षा, सगळं मिळून सव्वा तास, आणि तरी मला महिना-महिना यायला होत नाही. पोरांच्या परीक्षा, ऑफिस, सगळं खरं आहे पण तू वाट बघतेस हेही खरं आहे. लहान असताना मी तुझ्या पाठीला टेकून चुलीपुढे बसायचे, तू फुंकणीने फुंकायचीस आणि मला म्हणायचीस, डोळे मिट, धूर लागेल. माझे डोळे मिटायचीस आणि स्वतः त्या धुरात बसायचीस.

मी शनिवारी रात्रीच येते, दोन दिवस राहते. जेवायला काही करत बसू नकोस, येताना घेऊन येते. नवीन चूल सुकायला वेळ लागेल, तोवर आतल्या गॅसवर चालव, तेवढे दिवस भाकरी नाही फुगली तरी बाबा खातील, बाबा तोंड वाकडं करू नका. पहिला जाळ अगदी बारीक घालायचा, नाहीतर चूल तडकते. आणि थंडी पडली की सगळ्यांना बोलवून पोपटी लावू, ती अंगणातच, उघड्यावर. बाबा, पोपटीच्या मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला कुठे मिळतो ते तुम्हालाच माहिती, शोधून ठेवा.

चष्मा बाहेर काढून ठेवा, शनिवारी येताना दुकानात देते.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, तुमची बीपीची गोळी सकाळची की रात्रीची यावरून परत घोळ घालू नका, सकाळची.