त्र्याहत्तर गुणांनी हरलेला प्रशिक्षक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील एनबीए लीगच्या बातम्या आता बऱ्यापैकी नियमाने येऊ लागल्या आहेत, याचा माझ्यासारख्या जुन्या बास्केटबॉलवेड्याला आनंदच आहे. तक्रार एवढीच, की त्या बातम्या वाचताना हा खेळ पाच जणांचा नसून एकट्याचा असावा, असे वाटते. कोणी किती गुण केले, कोणाची उंची किती आणि कोणाचा करार किती कोटी डॉलरचा, यापलीकडे मजकूर सहसा जात नाही. जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर संघाने विजेतेपद मिळवले, तेव्हाही शे गिल्जस-अलेक्झांडरचेच कौतुक सर्वत्र झाले. ते रास्तच होते, कारण हंगामात सामन्यामागे सरासरी ३२.७ गुण करणारा हा खेळाडू लीगचाही सर्वोत्तम ठरला आणि अंतिम मालिकेचाही. परंतु त्या विजयामागची गोष्ट शेच्या गुणांनी सुरू होत नाही. ती एका लाजिरवाण्या पराभवापासून सुरू होते.

२ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिस ग्रिझलीजने याच थंडरला १५२-७९ असे हरवले. एनबीएमध्ये ७३ गुणांच्या फरकाने त्याआधी कोणीही हरले नव्हते. आधीचा विक्रम ६८ गुणांचा होता आणि तो तीस वर्षे टिकला होता. शे त्या दिवशी डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर होता, हे खरे. पण एक खेळाडू नसल्याने ७३ गुणांचा खड्डा पडत नाही. मध्यंतरालाच गुणफलक ७२-३६ होता आणि उत्तरार्धात थंडरच्या खेळाडूंचे खांदे इतके पडलेले दिसत होते, की मी चहा गार होईपर्यंत कप उचलला नव्हता. तो हंगाम त्यांनी २४ विजय आणि ५८ पराभवांवर संपवला. आदल्या हंगामात ७२ सामन्यांत विजय होते २२. दोन्ही हंगामांत प्रशिक्षक एकच, मार्क डॅग्नॉल्ट. २०२० मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांच्याकडे हा संघ आला. ते स्वतः एनबीएमध्ये एक मिनिटही खेळलेले नाहीत; कनेक्टिकट विद्यापीठात शिकताना ते बास्केटबॉल संघाचे विद्यार्थी व्यवस्थापक होते, म्हणजे संघाची पडेल ती कामे करणारा मुलगा.

त्यांना कोणी काढले नाही. पुढच्या तीन हंगामांत विजयांचा आकडा ४०, ५७ आणि ६८ असा चढत गेला आणि २२ जून २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडच्या सोमवारी सकाळी, इंडियाना पेसर्सला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात १०३-९१ असे हरवून तोच प्रशिक्षक विजेता झाला.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. ७३ गुणांनी जिंकलेल्या मेम्फिसचे प्रशिक्षक होते टेलर जेन्किन्स. त्यांना मार्च २०२५ मध्ये, नियमित हंगामाचे अवघे नऊ सामने उरलेले असताना, नारळ देण्यात आला. त्या वेळी संघाच्या नावावर ४४ विजय आणि २९ पराभव होते. पुढच्याच महिन्यात प्ले-ऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद मालिकांच्या, पहिल्या फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले आणि थंडरने पहिला सामना १३१-८० असा खिशात घातला. डेन्व्हर नगेट्सनेही २०२३ चे विजेतेपद मिळवून देणाऱ्या मायकेल मलोन यांना त्याच वसंतात, तीन सामने बाकी असताना, निरोप दिला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने करायची नव्या खेळाडूंची निवड; तळाच्या संघांना आधी पाळी मिळण्याची शक्यता जास्त) ४१ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या निकोला योकिचच्या हाती संघाची सूत्रे देणारे प्रशिक्षक हेच मलोन होते.

प्रशिक्षकाला वेळ दिला म्हणजे मैदानावर नेमके काय बदलते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी १८ मे २०२५ चा थंडर विरुद्ध डेन्व्हर हा प्ले-ऑफ मालिकेतला सातवा सामना पाहावा. आपल्याकडे तो रात्री एक वाजता सुरू झाला होता. २११ सेंटिमीटर उंचीच्या योकिचवर डॅग्नॉल्ट यांनी १९६ सेंटिमीटर उंचीचा अ‍ॅलेक्स करूसो सोडला. ताकदीत तुलनाच नाही. पण करूसो योकिचच्या मागे उभा राहण्याऐवजी त्याच्या पुढ्यात घुसत होता, चेंडू आणि योकिच यांच्या मधोमध. पास डोक्यावरून द्यायचा, तर मागे दुसरा बचावपटू टपलेला. त्यामुळे चेंडू योकिचकडे पोहोचेपर्यंतच डेन्व्हरची चेंडू बास्केटकडे टाकण्यासाठी मिळणारी चोवीस सेकंदे संपत होती. थंडर १२५-९३ असे जिंकले. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला करूसो २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू या दुय्यम लीगमधल्या संघात होता आणि त्या संघाचे प्रशिक्षक डॅग्नॉल्टच होते. मधल्या काळात तो लॉस एंजेलिस आणि शिकागोला खेळून आला. आठ वर्षांपूर्वीची ती ओळख त्या रात्री कामी आली, असे मला वाटते. गुणांच्या तक्त्यात याला रकाना नसतो.

यावर कोणी म्हणेल, की शे आणि त्याचा सहकारी जेलन विल्यम्स यांच्यासारखे खेळाडू नसते तर डॅग्नॉल्ट यांनी काय केले असते? प्रश्न चुकीचा नाही. चांगल्या ड्राफ्टसाठी काही संघ हरणे मनावर घेत नाहीत, हा आरोप थंडरवरही झाला होता आणि तो अगदीच बिनबुडाचा होता असे मी म्हणणार नाही. सॅन अँटोनियोचे ग्रेग पोपोविच १,४२२ विजयांनिशी निवृत्त झाले; पण १९९६-९७ मध्ये मधूनच सूत्रे घेतल्यावर त्यांनी सांभाळलेल्या ६४ सामन्यांपैकी ४७ गमावले होते आणि पुढे संघाचा कणा ठरलेला टिम डंकन त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये आला. (त्यांना काढणार तरी कोण होते म्हणा, नेमणुका करणारे, संघाचे जनरल मॅनेजरही तेच होते!) डंकन हे नशीब होते, मात्र ५७ व्या क्रमांकाचा मानू जिनोबिली आणि २८ व्या क्रमांकाचा टोनी पार्कर नुसत्या नशिबाने घडत नाहीत. खूप उंच आणि गाजावाजा झालेल्या तरुण व्हिक्टर वेम्बन्यामाच्या पहिल्या हंगामातही याच पोपोविच यांचा संघ जेमतेम २२ सामने जिंकला, त्यात सलग १८ पराभव होते. बातम्यांतून मात्र आम्हाला त्याच्या हातांची लांबीच तेवढी कळत राहिली.

हे सारे लिहायला घरचे एक कारणही आहे. माझा पुतण्या येथील एका शाळेच्या संघातून खेळतो. तीन वर्षांत त्याला चार प्रशिक्षक मिळाले. आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की मानधनावर कोणीतरी नेमायचे आणि संघ हरला की पुढच्या वर्षी दुसरा शोधायचा, अशी रीत आहे. एकाने चेंडू कपाळाच्या वरून सोडायला शिकवले, दुसऱ्याने छातीपासून, तिसऱ्याने कोपर आत घ्यायला लावले. आता फ्री थ्रोच्या रेषेवर तो चेंडू दोनदा आपटतो, वर नेतो, थोडा खाली आणतो आणि मग टाकतो. मुलगा उंच आहे, चपळ आहे. येणारा प्रत्येक नवा प्रशिक्षक ‘याच्यात गुण आहेत’ असे म्हणतो आणि निघून जातो.

म्हणून एक सूचना. एनबीएचे बहुतेक सामने आपल्याकडे पहाटे सुरू होऊन सकाळी संपतात, म्हणजे त्यांचा निकाल आपल्या अंकात दुसऱ्या दिवशीच येऊ शकतो आणि तोवर तो भ्रमणध्वनीवर सर्वांनी पाहिलेला असतो. शिळ्या गुणसंख्येसाठी जाणारी तेवढीच जागा कधी प्रशिक्षकाने टाकलेल्या एखाद्या डावाला द्यावी, सोबत मैदानाची एक साधी आकृती छापावी. कात्रण काढून पुतण्याला पाठवायची माझी तयारी आहे.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर