लाइट गेली तरी आईचा फोन लागला पाहिजे

मु. पो. गुहागर तालुका,
नवरात्राची पाचवी माळ

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा सड्यावर, म्हणजे घराच्या वरच्या उघड्या माळावर, उभा राहून तुझ्याशी बोलत होतो तेव्हा रेंज दोनदा गेली आणि लाइट गेली तरी तुझ्या अण्णांचा फोन कसा चालू ठेवायचा, हे बोलणं अर्धवट राहिलं. तू दिवाळीत घरी जाशील त्याआधी सगळं तुझ्या हाती असावं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

आई पडली एवढं तुला कळलंय, पण त्या रात्री काय झालं ते मी सांगितलं नव्हतं. गणपती आटोपून आम्ही पुण्याला परतलो आणि चौथ्या दिवशी संध्याकाळपासून वाऱ्यापावसाने झोडपलं. लाइट गेली. आई न्हाणीघरातून येताना पडवीत घसरली, पाय मुरगळला. कशीबशी सरकत फोनपर्यंत पोचली, रिसीव्हर उचलला, तर टोनच नाही. आमचं घर खळग्यात, मोबाइलला रेंज नाही. सकाळी दूधवाला येईपर्यंत ती माजघरात भिंतीला टेकून बसून होती. हे तिने मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. मी लगेच रजा टाकून आलो.

तुला आठवतं, आपल्या लहानपणी लाइट रात्ररात्र नसायची, पण फोन चालायचा. कारण तांब्याच्या त्या दोन तारांमधून एक्स्चेंजच 48 व्होल्टचा पुरवठा करायचं आणि तिथे बॅटऱ्या असायच्या. पावसात जोड भिजून खरखर व्हायची, कधी लाइन डेड व्हायची, पण घरातल्या लाइटशी त्या फोनचा काही संबंध नव्हता. मग आमच्याकडे तांब्याची लाइन काढून फायबर टाकली. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून उजेड येतो, वीज येत नाही. त्या उजेडाचं फोनमध्ये आणि इंटरनेटमध्ये रूपांतर भिंतीवरचं ते पांढरं खोकं करतं, आणि ते चालतं आपल्या घरच्या विजेवर. लाइट गेली की खोकं बंद, खोकं बंद की फोन बंद. कनेक्शन देताना कंपनीच्या माणसाने हे एका शब्दाने सांगितलं नाही. एकटी म्हातारी बाई राहते हे त्याला दिसत होतं. मला याचा फार राग आहे, सुधीर, आणि तो जाईल असं वाटत नाही.

उपाय मात्र अवघड नव्हता. खोक्याच्या अॅडॅप्टरवर बारीक अक्षरात व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. आमच्या अॅडॅप्टरवर 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर आहे. त्याच व्होल्टचा आणि तेवढा किंवा त्याहून जास्त अँपिअर देऊ शकणारा राउटरचा छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर वीज देणारी डबी, मिळतो, हाताच्या पंजाएवढा. अॅडॅप्टर त्यात आणि त्याची पिन खोक्यात. आमच्याकडे तो साडेतीन तास टिकला. कोकणातल्या पावसाला साडेतीन तास कुठे पुरायचे, म्हणून एक इन्व्हर्टरही घेतला आणि खोक्याचा, पंख्याचा आणि माजघरातल्या दिव्याचा पॉइंट त्यावर घेतला. एक्स्चेंजपासून घरापर्यंत मधे विजेवर चालणारं यंत्र नाही, असं लाइनमनने सांगितलं. फांद्या फुटल्यासारखी फायबर वाटून देणारी डबी असते, पण तिला वीज लागत नाही. तेव्हा एक्स्चेंज चालू असेल, तार शाबूत असेल आणि खोक्याला वीज असेल, तर फोन लागतो.

तार शाबूत असणं हेही आमच्याकडे धड नव्हतं. इंटरनेट सारखं जायचं आणि खोक्यावर लाल दिवा लुकलुकायचा. त्या दिव्याखाली इंग्रजीत ‘लॉस’ लिहिलेलं असतं. तो लागला म्हणजे बाहेरून उजेडच पोचत नाही. मग खोकं बंद-चालू करण्यात वेळ घालवू नकोस, तक्रार नोंदव. मी नोंदवली, तर कोणी न फिरकताच तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या वेळी तक्रार क्रमांक मागून घेतला आणि न सुटल्यास कंपनीच्या अपील विभागाकडे जाणार हे स्पष्ट सांगितलं. तसं अपील करता येतं आणि त्याला फी नसते. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला.

माणूस हुशार आणि मनाने चांगला. एवढ्या गावांना तो एकटाच, त्याला तरी काय बोलणार? त्याने उजेड मोजायचा मीटर लावला, आकडा आला वजा 29. वजा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. मग तार हाताने चाचपत वळचणीपर्यंत गेला. रंगकाम करताना कोणीतरी ती खिळ्याभोवती करकचून गुंडाळली होती. तांब्याची तार कशीही वाकवा, काचेतला उजेड मात्र अशा वळणावर बाहेर सांडतो. त्याने तेवढा तुकडा काढून नवा जोड मारला आणि आकडा वजा 21 वर आला. त्या दिवसापासून लाल दिवा लागलेला नाही. ओटीवर वायफाय पोचत नाही, कारण मधे जांभ्याच्या जाड भिंती आहेत. तिथे केबल ओढून दुसरा राउटर लावायचा आहे, ते पुढच्या खेपेला.

टीव्हीचं दुखणं वेगळंच निघालं. सातच्या बातम्या लागल्या की चित्राचे चौकोन व्हायचे. मी दोन दिवस नुसता बघत बसलो, तेव्हा लक्षात आलं की वारा आला की चित्र तुटतं. डिशचं तोंड आग्नेयेला, आणि नेमका तिथेच आपला परसातला माड. तो एवढा वाढलाय की झावळ्या हलल्या की आड येतात. बाबांनी लावलेला माड तोडायचा प्रश्नच नव्हता, डिशच गोठ्याच्या बाजूला हलवली. कनेक्टर खाऱ्या हवेने हिरवा पडला होता, तो बदलला, आणि पाणी केबलवरून आत उतरू नये म्हणून भिंतीपाशी केबलला खाली एक वळसा ठेवला. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जातं, त्याला इलाज नाही.

काल संध्याकाळी मेन स्विच बंद केला, आईला फोनपाशी बसवलं आणि मी सड्यावर गेलो. खाली घर पूर्ण काळोखात, फक्त माजघराच्या खिडकीत तो एक दिवा. दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. “अरे, ऐकू येतंय ना? मग आता ये खाली, भात निवतोय.” मला काही बोलताच येईना.

अण्णांच्या खोक्याचा आणि अॅडॅप्टरवरच्या अक्षरांचा फोटो काढून पाठव. मी येत्या शनिवारी पुण्यात असेन, यूपीएस घेऊन ठेवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनय