‘ताठ बस’ बंद केल्याबद्दल, ताई

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गाण्या-तबल्याच्या वर्गात आता कुणी ‘ताठ बस’ म्हणत नाही. ते तुम्ही शिकवलेल्या अलेक्झांडर तंत्रामुळे, म्हणजे बसण्या-उठण्याच्या आणि श्वासाच्या सवयी सुधारण्याच्या पद्धतीमुळे, म्हणून हे जाहीर पत्र.

ताठ बस म्हटलं की मूल कंबर आत ओढतं, छाती पुढे काढतं आणि दोन मिनिटांत दमून पुन्हा वाकतं. खोट पाठीत नसते, बैठकीत असते. मांडी घातल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर राहिले, की कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो आणि डोकं पुढे लोंबतं. तुम्ही घोंगडीची घडी मांड्यांखाली नव्हे, नेमकी बुडाखाली सरकवलीत. गुडघे खाली येईपर्यंत कुणाला चार बोटं उंची लागते, कुणाला आठ.

त्याहून मोलाचं म्हणजे ‘सा’च्या आधीचा क्षण तुम्ही दाखवलात. स्वर लावायच्या आधीच हनुवटी बोटभर वर जाते, मानेमागे वळी पडते, श्वास आवाज करत आत ओढला जातो. 1869 साली टास्मानियात जन्मलेल्या आणि हे तंत्र शोधणाऱ्या एफ. एम. अलेक्झांडर या रंगमंचावर उतारे म्हणून दाखवणाऱ्या कलाकाराला आपला आवाज का बसतो हे आरशात बघताना नेमकं हेच दिसलं होतं. साडेचार-पाच किलोचं डोकं मानेवर तोललं जातं ते दोन कानांच्या मधोमध, आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच वर. ही जागा कळली की मान मोकळी सुटते. श्वास मुद्दाम घ्यायचाच नाही. आधी कुजबुजता ‘आ’ म्हणत सोडायचा, तोंड मिटायचं, नाकातून तो आपसूक येतो. सवयीचा वाकडेपणा अंगाला सरळच वाटतो, म्हणून मोबाइलवर बाजूने चित्रण करायला लावलंत, तेही फार बरं झालं.

तबल्याच्या मुलांना हात गळ्याखालच्या हासळीच्या हाडापासून सुरू होतो हे कळलं, तेव्हा डग्ग्यावर तळहात घासत घिस्सा देताना वर चढणारा खांदा उतरला.

रियाजाआधी पंधरा मिनिटं सगळे उताणे झोपतात, गुडघे दुमडून, डोळे उघडे ठेवून. डोक्याखाली पुस्तकं. कमी पडली तर हनुवटी वर जाते, जास्त झाली तर गळा दाबला जातो. मुलं आता एकमेकांची पुस्तकं स्वतःच कमीजास्त करतात. पुढच्या खेपेला याल तेव्हा जरा लवकर या, ते बघायला मिळेल.

तुमचे ऋणी,
वर्गातले आम्ही शिक्षक