आईचा फोन यायच्या आत वाच

प्रिय मनू,

आई रात्री तुला फोन करून सगळं तिखटमीठ लावून सांगणारच आहे, म्हणून आधी मीच लिहितोय. हो, नखं कापली नव्हती. दोनदा मेसेज केलास, बाबा पायाची नखं कापून जा, उतरताना बोटं बुटावर आपटतात, आणि मी बघू बघू करत राहिलो. आता दोन्ही अंगठे काळेनिळे.

लोंगोनोट म्हणजे तो केनियातला ज्वालामुखीचा डोंगर, नैरोबीहून गाडीने दीड-दोन तास. 2776 मीटर ऐकून आईने आधीच हाय खाल्ली, मी खाली बसते म्हणाली, मग मी ऐटीत समजावलं की ही उंची समुद्रसपाटीपासून, गेटच दोन हजारांच्या वर आहे, चढ असा कितीसा!

चढ तेवढाच आहे गं पण वाट सगळी राखेची. मैद्यासारखी बारीक, एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे, त्यात पावसाने मधोमध खोल घळी पाडल्यात, पाय ठेवायचा कुठे तेच कळेना. पुढच्याने उडवलेली धूळ मागच्याच्या नाकात, आणि मागचा म्हणजे कायम मीच. सुरुवातीला लांबवर जिराफ दिसले ते सगळ्यांनी थांबून बघितले, मी दम खायला थांबलो.

ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर पोचलो आणि मनू, मला वाटलेलं आत काळं जळकं भगदाड असेल, तर खाली चक्क जंगल! अख्खी वाटी झाडांनी गच्च भरलेली, आणि कड्याला एका ठिकाणी बारीकशी वाफ. 1860च्या दशकात शेवटचा उद्रेक झाला असं म्हणतात, म्हणजे झोपलाय नुसता. एक घार उडत होती तीसुद्धा आपल्या खाली, तिची पाठ दिसत होती. मी पहिल्यांदाच बघितली घारीची पाठ.

तिथून काठाकाठाने पूर्ण फेरी 7.2 किलोमीटर, शिखर त्याच वाटेवर. ग्रुप निघाला. माझे गुडघे नाही म्हणाले, मी एका दगडावर बसलो, आणि खाली बसते म्हणणारी तुझी आई रेंजरच्या मागोमाग चालायला लागली, वळूनसुद्धा बघितलं नाही. तीन तासांनी आली ती भुवयांपर्यंत राखेने माखलेली, आणि पहिलं वाक्य काय, तर पाणी संपवलंत का सगळं?

शिखरावरच्या पाटीजवळचा तिचा फोटो येईलच तुला. त्यात मला शोधू नकोस.

तुझा
बाबा